‘अझोट’ म्हणजे निर्जीव?

दिवाळीच्या सुट्टीनंतर शाळा उघडली, त्याच आठवड्यातली गोष्ट. आठवीचे विज्ञानाचे शिक्षक रजेवर होते म्हणून बदली तासाला आम्ही वर्गावर गेलो. सूक्ष्मजीवांचा धडा चालू होता. मागच्या बाकावरच्या एका मुलाने दप्तरातून एक रिकामे, मातकट पाकीट काढून टेबलावर ठेवले. सुट्टीत तो आजोबांकडे सांवेरला गेला होता. तिथे गहू पेरण्याआधी बियाण्याला हे चोळताना त्याने पाहिले होते. पाकिटावर मोठ्या अक्षरांत लिहिले होते ‘अझोटोबॅक्टर’.

तो म्हणाला, “सर, दुकानदाराने आजोबांना सांगितलं, आत जिवंत जंतू आहेत, उन्हात ठेवू नका, मरतील. आणि दादाच्या अकरावीच्या वहीत लिहिलंय की अझोट म्हणजे निर्जीव. मग हे कसले जंतू? निर्जीव जंतू?”

वर्ग हसला. आम्हीही हसलो. उत्तर मात्र आम्हाला देता आले नाही. “उद्या सांगतो,” असे म्हणून वेळ मारून नेली. रसायनशास्त्र घेऊन पदवी मिळवलेल्या, तीस वर्षे खडू हातात धरलेल्या माणसावर ही पाळी यावी याचे वाईट वाटले, आणि त्या संध्याकाळी कपाटातली जुनी पुस्तके खाली काढली. पुढे जे झाले, त्यावरून काही पालकांनी आमच्याकडे तक्रार केली आहे आणि विश्वस्त मंडळाच्या बैठकीतही प्रश्न निघाला आहे. म्हणून हा लेख.

आधी त्या मुलाचे उत्तर.

१७७२ साली एडिंबरो येथे डॅनियल रदरफर्ड नावाच्या बावीस वर्षांच्या विद्यार्थ्याने वैद्यकीच्या पदवीसाठी एक प्रबंध लिहिला. बंद भांड्यातल्या हवेत त्याने उंदीर ठेवला. उंदीर मेल्यावर उरलेल्या हवेत मेणबत्ती जाळली, मग फॉस्फरस जाळला. जळण्याने आणि श्वासाने तयार झालेला वायू क्षाराच्या द्रावणात शोषून घेतला. एवढे सगळे करूनही भांड्यात पुष्कळ हवा शिल्लक होतीच. त्या हवेत ज्योत विझे, प्राणी तडफडून मरे. रदरफर्डने तिला घातक हवा मानले. त्याच सुमारास स्वीडनमध्ये शेले, इंग्लंडमध्ये प्रीस्टली आणि कॅव्हेंडिश ह्याच हवेच्या मागे होते. प्रत्येकाने तिला आपापले नाव दिले आणि सगळा गोंधळ झाला.

हा गोंधळ निस्तरण्यासाठी १७८७ मध्ये पॅरिसला लाव्हाझिए आणि त्यांच्या तीन सहकाऱ्यांनी रसायनांच्या नावांची नवी पद्धत प्रसिद्ध केली. त्यांनी ह्या वायूला ‘अझोट’ म्हटले. ग्रीक ‘अ’ म्हणजे नाही आणि ‘झोए’ म्हणजे जीवन, जगणे. ज्यात जगता येत नाही तो अझोट. फ्रान्समध्ये आजही नायट्रोजनला हेच नाव आहे, इटली, रशिया, तुर्कस्तान इथेही तेच. गंमत अशी की खुद्द ग्रीसमध्ये नायट्रोजनला आज ‘आझोतो’ म्हणतात. म्हणजे पॅरिसच्या लोकांनी ग्रीकांचे सोने नेऊन दागिना घडवला आणि तोच ग्रीकांच्या गळ्यात घातला. जर्मनांनी तर ग्रीक उसने घेतलेच नाही. त्यांच्या बोलीत हा ‘श्टिकश्टोफ’, म्हणजे गुदमरवणारा पदार्थ.

इथपर्यंत वर्गात सांगितले तेव्हा मुले ऐकत होती, पण खरी जाग आली ती पुढे. आम्ही फळ्यावर ‘अझोट’ लिहिले आणि ‘अ’च्या पुढे एक रेघ मारली. विचारले, हा ‘अ’ कुठे पाहिला आहे का? एक मुलगी म्हणाली, “अशक्य.” मग अज्ञान, अमर, असत्य अशी रांगच लागली. ग्रीकांचा हा ‘अ’ आणि आपला ‘अ’ एकच आहे. नियमसुद्धा एकच. पुढे स्वर आला की आपण ‘अन्’ करतो. अन् आणि अंत, अनंत. ग्रीकही तेच करतात, म्हणून रक्त कमी होण्याच्या रोगाला ‘अॅनिमिया’ म्हणतात. ‘अॅटम’मधला ‘अ’ही हाच: ज्याचे तुकडे होत नाहीत तो. (त्याचे तुकडे पुढे झाले, ती कथा निराळी.)

आणि ‘झोए’? रविवारी आपण मुलांना घेऊन ज्या ‘झू’मध्ये जातो, त्या ‘झू’च्या घराण्यातला हा शब्द. भाषाशास्त्र सांगते की झूऑलॉजीतला ‘झू’, बायोलॉजीतला ‘बायो’ आणि आपला संस्कृत-मराठी ‘जीव’ हे तिघे एका मुळाचे. हजारो वर्षांपूर्वी वाटा फुटल्या, उच्चार बदलले, नाते राहिले. तेव्हा ‘अझोट’चे भाषांतर करायचीही गरज नाही. तो ‘अजीव’च आहे, फक्त ग्रीक पोशाखात.

मग पाकिटातले जंतू निर्जीव कसे? ते निर्जीव नाहीत. १९०१ साली हॉलंडच्या बायरिंक यांनी मातीत एक जिवाणू शोधला, जो हवेतला नायट्रोजन ओढून त्याचे खत करतो. नायट्रोजनचा तो ‘अझोट’ आणि जिवाणू तो ‘बॅक्टर’, असे जोडनाव त्यांनी ठेवले. नावाचा अक्षरार्थ घेतला तर खरोखरच विचित्र होतो: निर्जीवावर जगणारा जीव. त्या मुलाची शंका अगदी बरोबर होती. चूक त्याची नव्हती, चूक पॅरिसच्या त्या मोठ्या माणसांची होती. आणि ती अशी की, बंद भांड्यातला उंदीर मेला एवढ्यावरून त्यांनी नाव ठेवले.

कारण हा ‘निर्जीव’ आपल्या अंगात भरलेला आहे. हवेत तो ७८ टक्के. आपण शांत बसलेले असताना एका श्वासात सुमारे अर्धा लिटर हवा घेतो, तिच्यातला तीन चतुर्थांशाहून अधिक भाग नायट्रोजनच असतो आणि तो जसा आत जातो तसाच बाहेर येतो. श्वासातून आपल्याला त्याचा उपयोग नाही, हे लाव्हाझिएंचे म्हणणे खरे. पण आपल्या शरीराच्या वजनात सुमारे ३ टक्के नायट्रोजन आहे. प्रत्येक प्रथिनात तो आहे. आईबापांचे गुण मुलांत उतरवणाऱ्या डी.एन.ए.च्या प्रत्येक पायरीत तो आहे. त्याच्यावाचून गवताचे पातेही उगवत नाही. हवेतल्या नायट्रोजनचे दोन अणू एकमेकांना तिहेरी बंधाने इतके घट्ट धरून असतात की सहसा कोणाशी संयोग पावत नाहीत. ती मिठी सोडवतात आकाशातली वीज, मातीतले थोडे जिवाणू आणि माणसाचा कारखाना. १९०९ मध्ये जर्मनीत फ्रिट्झ हाबर यांनी प्रयोगशाळेत हवेतल्या नायट्रोजनपासून अमोनिया करून दाखवला आणि १९१३ मध्ये कार्ल बॉश यांच्या खटपटीने ओप्पाउ येथे कारखाना चालू झाला. आज जगातल्या जवळजवळ निम्म्या लोकांचे अन्न ह्या वाटेने आलेल्या खतावर पिकते, असा अंदाज आहे. आपल्या माळव्यातला शेतकरी युरियाची गोणी उचलतो तेव्हा तिच्यातला ४६ टक्के नायट्रोजन हवेतूनच धरून आणलेला असतो. आणि त्याच माळव्यातले सोयाबीन मुळांवरच्या गाठींत जिवाणू पाळून हे काम कारखान्याशिवाय करते.

नावावर आक्षेप तेव्हाच निघाला होता. १७९० मध्ये शापताल या फ्रेंच रसायनज्ञाने म्हटले की ज्यात प्राणी जगत नाही असे वायू पुष्कळ आहेत, मग ह्यालाच निर्जीव का म्हणायचे? त्याने ‘नायट्रोजन’ हे नाव सुचवले. ‘नायट्रॉन’ म्हणजे सोरा आणि ‘जेन’ म्हणजे जन्म देणारा. सोऱ्याला जन्म देणारा तो नायट्रोजन. हा ‘जेन’ही आपल्या ‘जन्’ धातूचा भाऊ: जनक, जननी, जन्म. म्हणून आमच्या वेळच्या हिंदी पुस्तकांत ‘नत्रजन’ हा शब्द असे. काय सुंदर शब्द! आवाजही तोच आणि अर्थही तोच. मराठी शेतकऱ्याच्या तोंडी तो ‘नत्र’ झाला: नत्र, स्फुरद, पालाश.

आता थोडे आमच्याबद्दल, कारण तक्रारीचे उत्तर तिथेच आहे.

आम्ही शाळा आणि महाविद्यालय दोन्ही हिंदी माध्यमातून केले. “नाइट्रोजन एक रंगहीन, गंधहीन, स्वादहीन गैस है” हे वाक्य आजही झोपेतून उठवले तरी म्हणून दाखवू. ‘नत्रजन’ पाठ होता, ‘उदजन’ पाठ होता. त्यातला ‘जन’ म्हणजे जन्म देणारा, ‘उद’ म्हणजे उदकातला, म्हणून उदजन म्हणजे पाणी जन्मवणारा हायड्रोजन, हे घरी मराठी आणि शाळेत संस्कृत शिकूनही आम्हाला कधी सुचले नाही. कोणी सांगितले नाही आणि आम्ही विचारले नाही. विज्ञानाचे शब्द म्हणजे खडे, चावायचे नसतात, गिळायचे असतात, अशी समजूत होती.

पदवीच्या वर्गात ‘डायअझोनियम’ क्षारांचे प्रकरण आले. वर्षभर आम्ही ते नाव घोकले, समीकरणे घोकली. एका ठिकाणी तोंडी परीक्षेत परीक्षकांनी साधा प्रश्न विचारला, “ह्या रेणूत नायट्रोजनचे अणू किती?” आम्ही गप्प. उत्तर नावातच होते. ‘डाय’ म्हणजे दोन, ‘अझो’ म्हणजे नायट्रोजन. परीक्षक हसले, पुढचा विद्यार्थी बोलावला. आमचा चेहरा कसा झाला असेल ते सांगायला नको. लाव्हाझिएंचे नाव इंग्रजीत मागे पडले, पण त्याचा ‘अझो’ रसायनशास्त्रात जिथे तिथे बसून राहिला आहे. अझो रंग, अझाइड, हायड्राझीन. ह्यांतले प्रत्येक नाव सांगते की माझ्यात नायट्रोजन आहे. हे आम्हाला कळायला पदवी मिळून कित्येक वर्षे जावी लागली.

म्हणून डिसेंबरपासून आम्ही आठवी ते दहावीच्या विज्ञान शिक्षकांना सांगितले आहे की नवी संज्ञा फळ्यावर आली की पाच मिनिटे तिच्या अर्थाला द्यावीत, आणि घटक चाचणीत दोन गुण त्यासाठी ठेवावेत. तक्रार ह्याच दोन गुणांवर आहे.

पालकांचे म्हणणे असे: बोर्डाच्या परीक्षेत हे विचारत नाहीत. मुलांना पुढे सगळे इंग्रजीतच शिकायचे आहे, मग ग्रीक आणि संस्कृत कशाला? एका पालकांनी स्पष्टच लिहिले की हे मराठीचे खूळ विज्ञानाच्या तासाला नको.

शेवटच्या मुद्द्याचे उत्तर आधी देतो, कारण तो मनाला लागला. आपल्या शाळेत आज मराठी हा एक विषय एवढाच उरला आहे, हे आम्हाला ठाऊक आहे. संस्थापकांना काय अभिप्रेत होते आणि काळाने काय केले, ह्यावर रडत बसण्यात अर्थ नाही. विज्ञान इंग्रजीतून शिकवू नये असे आमचे मुळीच म्हणणे नाही. प्रत्येक संज्ञेला मराठी प्रतिशब्द घडवून तो मुलांच्या माथी मारावा, असेही नाही. तो प्रयोग होऊन गेला आहे. डॉ. रघुवीर यांनी नायट्रोजनला ‘भूयाति’ असे नाव सुचवले होते. विद्वत्ता मोठी, पण शब्द रुजला नाही. आम्हाला शब्द बदलायचा नाही, उघडायचा आहे. आणि तो उघडायची किल्ली योगायोगाने मराठी मुलाच्या खिशात आहे. हिंदी बोलणाऱ्या मुलाच्याही आहे, गुजरातीच्याही आहे. ‘अ’, ‘जीव’, ‘जन’, ‘उद’. ज्या मुलाला ‘अनंत’ कळतो त्याला ‘अॅनिमिया’ परका नाही. इंग्रजीची भीती घालवायला ह्याहून स्वस्त औषध आम्हाला सापडलेले नाही.

बोर्ड विचारत नाही, हे खरे. पण बारावीच्या पुस्तकात डायअझोनियम आजही आहे. ज्या मुलाला आठवीत ‘अझो’ भेटला तो बारावीत गांगरणार नाही. आम्ही गांगरलो होतो.

आमच्याच एका सहकाऱ्यांनी मात्र वेगळा आक्षेप घेतला आणि तो आम्हाला जास्त वजनदार वाटतो. ते म्हणाले, “सर, नावांचे अर्थ पुष्कळदा चुकीचे आहेत. मुलांनी अर्थ धरला तर विज्ञान चुकेल.” बरोबर आहे. ‘ऑक्सिजन’ म्हणजे आम्ल जन्मवणारा. लाव्हाझिएंना वाटले की प्रत्येक आम्लात ऑक्सिजन असतोच. १८१० मध्ये हम्फ्री डेव्ही यांनी क्लोरीन हे मूलद्रव्य आहे असे ठरवले आणि प्रयोगशाळेतल्या मीठाच्या आम्लात ऑक्सिजन नावालाही नाही हे उघड झाले. नाव मात्र राहिले. ‘नायट्रॉन’चीही तीच कथा. प्राचीन मिसरी लोक प्रेते सुकवायला जो ‘नेट्रॉन’ वापरत तो सोडा होता, सोरा नव्हे. शब्द गावोगाव फिरताना पदार्थ बदलला. त्यामुळेच आज आवर्त सारणीत नायट्रोजनचा एन आणि सोडियमचा एन-ए (नेट्रियम) हे एकाच मिसरी शब्दाचे दोन वंशज, एकमेकांशी काही संबंध नसलेले, तीन घरे सोडून बसले आहेत.

पण आम्हाला ही अडचण वाटत नाही. उलट मुलांना हेच कळावे. पाठ्यपुस्तक छापील असते म्हणून मुलांना ते आकाशातून पडल्यासारखे वाटते. ‘अझोट’ उघडला की आत माणसे दिसतात. एक बावीस वर्षांचा मुलगा, एक मेलेला उंदीर, एक मोठा शास्त्रज्ञ ज्याने अर्धे बरोबर आणि अर्धे चूक नाव ठेवले, आणि दुसरा ज्याने तीन वर्षांत हरकत घेतली. ह्याच वायूने आणखी एकाला चकवले आहे. कॅव्हेंडिश यांनी १७८५ मध्ये हवेतल्या नायट्रोजनवर विजेच्या ठिणग्या टाकून टाकून तो संपवला, तरी एक लहानसा बुडबुडा उरला, मूळ आकाराच्या १२०व्या हिश्श्याहून मोठा नाही. त्यांनी प्रामाणिकपणे तो नोंदवून ठेवला. त्याकडे शंभर वर्षे कोणी नीट पाहिले नाही. १८९४ मध्ये रॅले आणि रॅम्झी यांनी त्यातून नवे मूलद्रव्य काढले, आरगॉन. त्याच्या नावातही तोच ‘अ’ आहे: काम न करणारा, आळशी. हे सांगितल्यावर वर्गातल्या एकाने शेजाऱ्याचे नाव आरगॉन ठेवले आणि आम्हाला रागवावे लागले, हेही कबूल करतो.

वेळेचा मुद्दा राहिला. नायट्रोजनवर आमचे दोन तास गेले, हे खरे आहे. प्रत्येक शब्दावर तेवढे जाणार नाहीत, जाऊही नयेत. पुष्कळ नावांत सांगण्यासारखे काही नसते, तिथे शिक्षकांनी पुढे जावे. सगळ्याच शिक्षकांना हे जमते असेही नाही. त्यांना कुठून माहिती मिळणार? आम्हाला तरी कुठे होती? म्हणून विश्वस्त मंडळाला आमची दोन मागण्यांची विनंती आहे. एक म्हणजे ग्रंथालयासाठी एक चांगला व्युत्पत्तिकोश आणि रसायनशास्त्राच्या इतिहासाची दोन-तीन पुस्तके घ्यावीत. आणि दुसरी, महिन्यातून एका शनिवारी संस्कृतच्या व विज्ञानाच्या शिक्षकांना एकत्र तास घेऊ द्यावा. आजवर ह्या दोघांची गाठ शिक्षक-कक्षात चहापुरती पडत आली आहे. खर्च स्नेहसंमेलनाच्या मांडवाच्या एका खांबाइतकाही येणार नाही.

पालकांना एवढेच सांगतो की दोन गुण ह्या वर्षअखेरपर्यंत राहतील. त्यानंतर मुलांच्या उत्तरपत्रिका पालक सभेत ठेवू, आपण स्वतः पाहा आणि मग बोलू. काही उपयोग झालेला दिसला नाही तर आम्ही ते गुण काढून टाकू, त्यात कमीपणा मानणार नाही.

ते पाकीट आम्ही त्या मुलाकडून मागून घेतले आहे. प्रयोगशाळेच्या काचेच्या कपाटात, नायट्रोजनच्या तक्त्याखाली लावले आहे. तक्त्यावर अझोट, नायट्रोजन, नत्रजन, नत्र ही चारही नावे सातवीच्या मुलींनी रंगवली आहेत. शेजारी फॉस्फरसची जागा रिकामी आहे. शेतकरी त्याला ‘स्फुरद’ का म्हणतात आणि ग्रीक त्यात काय पाहत होते, हे शोधायला मुलांना पंधरा दिवस दिले आहेत.